झाड त्यांचं, सावली आमची

२६ एप्रिल, शनिवार

आलो एकदाचे. सामानाचा ट्रक दुपारी रिकामा होऊन गेला, आणि खोकी तशीच टाकून ही आधी मागच्या आवारात अनवाणी फिरून आली. शहरात आठव्या मजल्यावर इतकी वर्षं काढली, पायाला माती लागायची ती कुंडी फुटली तरच. आत येऊन म्हणाली, अहो, तळवे गार झाले. मी म्हटलं, आता रोज गार कर, कोण अडवतंय.

घर मी निवडलं, आणि दलालाच्या बडबडीवर नव्हे, ओळंबा लावून. स्वयंपाकघराची मागची भिंत नखभर बाहेर झुकली आहे, बाकी घर शहाण्यासारखं सरळ उभं आहे. दलाल माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय माहीत, माझं आयुष्य लिफ्टच्या शाफ्टमध्ये गेलं आहे. तिथे नखभर चूक म्हणजे आतल्या माणसांची हाडं. मला कोणी शिकवलं नाही. पाने-पकडी पुसणारा हेल्पर म्हणून या परक्या देशात लागलो, आणि शेवटी शेवटी पदवीवाले साहेब वरून वाकून मला विचारायचे, रेल बरोबर बसली का. इथली भाषाही मी रेडिओ ऐकून शिकलो. व्याकरणात मला हटकेल असा इथला माणूस अजून भेटायचा आहे. पन्नाशी उलटलेल्यांना कंपनीने घरी बसवलं, तेव्हा बाकीचे रडले. मी घर बघायला निघालो.

मागचं आवार म्हणजे सोनं आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून दक्षिणेकडे हलकं उतरत जातं आणि कमरेएवढ्या दगडी बांधाला टेकतं. बांधापलीकडे शेजाऱ्यांचं एक दांडगं झाड आहे, पण पान नाही, बहुधा वाळलेलं. सगळीकडे लख्ख ऊन. तिथे टोमॅटो, मिरच्या, वांगी लावणार. ऑगस्टमध्ये हिचा भाऊ येणार आहे, तो पदवीवाला इंजिनियर. आमच्या लग्नात त्याने चारचौघांत विचारलं होतं, भाऊजी, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता की नुसते अडकलेल्यांना बाहेर काढता. त्याला बागेत खुर्ची टाकून बसवीन आणि एक शब्द बोलणार नाही. बघू दे डोळे भरून.

११ मे, रविवार

वाफे आखून झाले. दोरी ताणली, गुण्या लावून कोपरे काढले, पाणसळीने उतार साधला. दोन वाफ्यांमध्ये माझे बूट शेजारी शेजारी मावतील एवढीच वाट. वरच्या खिडकीतून कोणी पाहिलं तर छापील कागद वाटावा. मधल्या पावसात स्वयंपाकघर गळत होतं, तेव्हा वर चढून सगळी कौलंही मीच नव्याने बसवली. ही खालून शिडी धरून होती आणि पूर्ण वेळ, पडाल हो, पडाल, एवढंच म्हणत होती.

शेजारी खुर्च्या बनवतो. दाढीत भुसा, बोलणं ऐसपैस. बांधावर कोपरं टेकून माझं काम बघत होता. म्हणाला, वाफे इथे कशाला, वर घराजवळ घ्यायचे ना, या झाडाला पानं उशिरा फुटतात पण फुटली की दाट असतात. मी त्याला समजावलं, की जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो आणि झाडाची सावली त्याच्याच बुंध्यात गोळा होते. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. खुर्च्यावाल्याने दाढी खाजवली आणि म्हणाला, तुम्ही म्हणता तर तसं.

२५ मे, रविवार

झाड वाळलेलं नव्हतं.

आठवड्याभरात फुटलं, आणि कसं. हाताच्या पंजाएवढी पानं, एकावर एक. बांधापासून माझ्या शेवटच्या वाफ्यापर्यंत गर्द सावली, आणि ती दिवसभर हलत नाही म्हटलं तरी चालेल. या देशात सूर्य भर दुपारीही डोक्यावर येत नाही, दक्षिणेला तिरका लोंबकळत राहतो. इतकी वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं, शाफ्टमध्ये सूर्य नसतो. टोमॅटोची रोपं कोमट पाण्यात बुडवल्यासारखी फिकट झाली आहेत.

आणि सावलीबरोबर माणूसही आलं. खुर्च्यावाल्याची मोठी बहीण. तिला कसलासा आजार आहे, अंगावर ऊन पडलं की कातडीला फोड येतात. घरात कोंडून घेतलं की श्वास लागतो, म्हणून पानं फुटल्यापासून पानं गळेपर्यंत ती रोज दुपारी या सावलीत येऊन बसते. मोठी काळी छत्री उघडून बांधातल्या फटीतून आली, भावाने बनवलेली खुर्ची आमच्या आवारात मांडली आणि बसली. आधीच्या मालकांपासून चालत आलंय म्हणे. मी म्हटलं, आवार आता आमचं आहे. तर हसून म्हणाली, झाड आमचं, सावली तुमची, मग मी पाहुणी कोणाची ते तुम्हीच ठरवा.

मी तिला छत्रीवाली म्हणतो. ही तिला ताई म्हणते. पहिल्याच दिवशी चहा घेऊन गेली आणि संध्याकाळपर्यंत आलीच नाही. मला हाक मारायची ती तिथून. अहो, साखर आणा. अहो, उशी आणा. परिणाम असा झाला की छत्रीवालीला वाटलं माझं नाव अहो आहे. आता तीही बोलावते, आहोऽ, शेवटचं अक्षर लांबवून. ही पोट धरधरून हसली. मी चूक दुरुस्त केली. तरी दोघी तसंच म्हणतात.

७ जून, शनिवार

पुरावा असावा म्हणून भर दुपारी सावलीच्या कडेकडेने खुंट्या ठोकल्या आणि सुतळी बांधली. आवाराचा जवळजवळ निम्मा भाग. ते घेऊन खुर्च्यावाल्याकडे गेलो आणि सरळ सांगितलं, झाड अर्धं छाटा. तो रंधा बाजूला ठेवून नीट बोलला, तेवढं मान्य करतो. म्हणाला, बहिणीचा जीव त्या झाडावर आहे. वाफे वर घराजवळ न्यायला मी स्वतः येतो, एका दुपारचं काम. मी म्हटलं, वाफे बरोबर आहेत. झाड चुकलं आहे.

मग दुकानात जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको. ही आणि मी साखर घ्यायला गेलो होतो. छत्रीवाली तिथेच होती, छत्री मिटून गल्ल्यापाशी गप्पा मारत. मला बघून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, हे आमचे आहो, यांनी टोमॅटो तळघरात लावलेत आणि सूर्याला नोटीस धाडणार आहेत. दुकानदार हसला. पाव घ्यायला आलेली पोस्टमनची बायको हसली. त्याचं मला काही नाही. पण ही हसली. पदर नाही म्हणून हाताने तोंड झाकून, खांदे हलवत, माझ्याकडे न बघता हसली.

घरी येऊन म्हणाली, अहो, गंमत होती ती.  गंमत मलाही करता येते.

१४ जून, शनिवार

परवा खुर्च्यावाला बहिणीला तपासायला शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. हीही सोबत गेली, ताईंना धीर हवा म्हणे. सगळा दिवस मला मोकळा मिळाला.

बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला केली. कुदळीचा घाव दिसला असता. मुळं जिथून फुटतात त्याच्या जरा वर, सालीच्या घडीत, गिरमिटाने भोकं पाडली, खाली उतरती, म्हणजे घातलेलं बाहेर येणार नाही. तणनाशक पाणी न घालता ओतलं. मग प्रत्येक भोकाला त्याच झाडाच्या सुक्या फांदीचं बूच घडवलं, रेषा सालीच्या रेषेला जुळवून ठोकलं, काचपेपरने घासलं आणि वर माती चोळली. नंतर मी स्वतः दोनदा शोधलं, तर मलाच एक सापडेना. यांत्रिक करवतीवर वाढलेल्या कारागिरांनी एकदा येऊन बघावं, हात म्हणजे काय असतो.

संध्याकाळी तिघं परतली. डॉक्टर म्हणाले, सावली आणि मोकळी हवा, याहून दुसरं औषध नाही. ही मला ते सांगत होती तेव्हा मी नळाखाली गिरमिट धुऊन पुसत होतो.

२९ जून, रविवार

फांद्यांची टोकं आधी गेली, मग पानं कडेने करपली. आता वारा नसतानाही गळतात. छत्रीवाली रोज बघत बसते, मान वर करून. खुर्च्यावाला बुंध्याला पाणी घालतो, रोज बादल्याच्या बादल्या. घाल म्हणावं.

उकाडा असा की दुकानदार म्हणतो त्याच्या आठवणीत नाही. ऊन संध्याकाळ उलटून गेली तरी सरत नाही. टोमॅटो मात्र उठले. आठवडाभरात हिरवेगार. मेहुण्याला फोटो पाठवला.

छत्रीवाली अजून येते. सावलीला आता भोकं पडली आहेत, ती भोकं चुकवत खुर्ची सरकवते आणि वर छत्री धरते. ही तिच्याकडून खुर्चीची बैठक विणायला शिकते आहे, गवताच्या दोऱ्यांची. दोघींची बोटं चालू असतात. मी पाणी घालायला गेलो की गप्प होतात.

५ जुलै, शनिवार

आता येत नाही. मानेवर आणि हातांवर फोड आले. घरात ठेवलं तर खिडक्या बंद करून दम कोंडतो, उघडल्या तर उजेड झोंबतो. ही दिवसभर तिकडेच, ओल्या चादरी टांगत. मी म्हटलं, नर्स आहेस का तू. तिने बादली उचलली आणि पुन्हा तिकडे गेली. खुर्ची आमच्याच आवारात पडून आहे.

१० जुलै, गुरुवार

छत्रीवाली गेली. आज पोचवून आलो. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, नाव ठेवायला जागा ठेवली नाही.

ही सांगते, शेवटच्या दिवशी ती सारखी मलाच बोलवत होती. आहोऽ, आहोऽ करत. बोलावून काय म्हणायचं होतं ते हिला विचारलं. ही म्हणाली, काही नाही, हसत होती.

१६ जुलै, बुधवार

झाड पाडलं. लाकूडतोड्याने सकाळी सुरुवात केली, दुपारी आवारात भिंतीपासून बांधापर्यंत नुसतं आकाश. इतकं ऊन मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

खुर्च्यावाला बराच वेळ बुंध्याशी बसून होता, बोटांनी माती उकरत. मग बांधाशी आला. तळहातावर बूच होतं, मी घडवलेलं. चिडला नाही की ओरडला नाही. ते उन्हाकडे धरून म्हणाला, बघा काय काम आहे. रेषेला रेष. या गावात असं काम करणारा माझा बाप होता, त्यानंतर कोणी नाही. इथे सगळे ठोकाठोकी करतात. ज्याने हे केलं त्याला मी उस्ताद म्हणेन.

 माझी मान ताठ झाली, आणि तो ते बघत होता.

मग म्हणाला, या लाकडाच्या खुर्च्या करणार आहे, एक तुमच्यासाठी. माप देता का? नाही म्हणायला कारण नव्हतं. त्याने सुतळीने गुडघ्यापासून टाच, मांडी, पाठ, कोपर अशी मापं घेतली आणि एकेका मापाला गाठ मारली. काम चोख करतो, हे कबूल. स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती. रात्री जेवताना तिने विचारलं, अहो, तुम्ही झाडाला काय केलंत? मी म्हटलं, झाड म्हातारं झालं होतं. ती म्हणाली, एकदा खरं सांगा, मग मी पुन्हा विचारणार नाही. मी म्हटलं, वरण वाढ.

२० जुलै, रविवार

एक गोष्ट लक्षात आली. नोंद करून ठेवतो, अर्थ नंतर लावू.

माझ्या खुंट्या अजून तशाच आहेत. आज भर दुपारी बघतो तर सुतळीच्या आत सावली. ढग नाही, झाड नाही, पलीकडे बुंधा कापून सपाट. तरी खुंट्यांच्या आत गर्द सावली, पानांच्या कडा दिसतील अशी, आणि बाहेर रणरणतं ऊन. हात घातला. गार. ओळंबा धरून पाहिला, कशासाठी ते माहीत नाही.

ही त्या खुर्चीत बसून बैठक विणत होती. म्हणाली, बरं वाटतं इथे.

२३ जुलै, बुधवार

हिच्या मानेवर फोड. उन्हात कपडे वाळत घालायला गेली तेवढ्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उष्णता आहे, सावलीत राहा. मी विचारलं, हे लागण होणारं असतं का. त्या म्हणाल्या, नाही, असं कधीच होत नाही.

म्हणजे आता ही दिवसभर सुतळीच्या आत. मी जेवण तिथे नेऊन देतो. सावलीत पाय ठेवला की गार लागायला हवं, मला लागत नाही. रविवारी लागलं होतं.

२६ जुलै, शनिवार

मी असा हात बांधून बसणारा नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी मांडव घातला. सागवानी खांब, दुपदरी ताडपत्री, ताण इतका की नाणं टाकलं तर उडावं. हिला म्हटलं, ऊठ तिथून, ही घे आपली स्वतःची सावली. ती छत्री घेऊन आली, मांडवाखाली उभी राहिली आणि किंचाळली. हाताला जागच्या जागी फोड.

मी खाली बघितलं. मांडवाखाली ऊन होतं. ताडपत्रीतून प्रकाश दिसत नव्हता, पण खाली जमिनीवर बाहेरच्याइतकंच ऊन. खांबांनाही सावली नव्हती.

ही परत सुतळीत जाऊन बसली.

मग माझा तोल गेला. एकेक खुंटी उपटली. सुतळी ओरबाडून गुंडाळली. म्हटलं, मीच आखली, मीच पुसतो. ही ओरडत होती, अहो, नका, सावली तेवढ्यानेच थांबली आहे. मी सगळ्या उपटल्या.

२८ जुलै, सोमवार

सावली सरकली. काल निम्म्या आवारावर होती, आज शेवटचे वाफे सोडून बांधाकडे गोळा झाली. हिने खुर्ची तिच्याबरोबर नेली. दोन खुर्च्या आहेत. दुसरी कोणी आणली विचारलं तर म्हणाली, ताईंची ती ताईंची, ही माझी. खुर्च्यावाल्याने हिच्या मापाची दिली म्हणे.

स्वयंपाकघरात लिहितो आहे. मानेला ऊन लागतं. छप्पर आहे. कौलं मी बसवलीत. तरी मानेला ऊन लागतं आहे.

३१ जुलै, गुरुवार

घरात हिला आणता येत नाही. दिवाणखान्याचं छत मी रंगवलं होतं. जिन्याचा कठडा मी. झोपायच्या खोलीच्या झडपा मी रंधून बसवल्या. ज्याला ज्याला माझा हात लागला, त्याखाली सावली नाही. टेबलावर पेन ठेवलं. हिच्या कपाला सावली आहे. माझ्या पेनला नाही. माझ्या हाताला —

खिडकीत उभा राहून बघितलं. मागे भिंतीवर काही पडत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

सावली बांधावर चढली आहे. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. ही तिच्यात बसून विणते. तब्येत सुधारली, गाल भरले. हसण्याचा आवाज येतो. एकटीचा नाही.

तिने पुन्हा विचारलं. मोठ्याने, इथपर्यंत ऐकू येईल असं. अहो, झाडाला काय केलंत? सांगा आणि या इकडे. ताई म्हणतात, सांगितलंत तर जागा आहे.

मी म्हटलं, उकाड्याने मेलं.

पलीकडून दुसरीने हाक मारली. आहोऽ.

५ ऑगस्ट, मंगळवार

सगळे वाफे जळाले. टोमॅटो वेलावरच शिजलेले. मीही — मानेवर, पाठीवर. शर्टाच्या आतून. संध्याकाळी उतार पडायला हवा, ऊन जात नाही. डोळे मिटले तरी लाल. पलंगाखाली शिरून पाहिलं. पलंग मी बनवलेला.

आज हिला आणायला गेलो. मी एक पाऊल टाकलं की सावलीची कड एक पाऊल मागे. हिच्यासकट. ती हात पुढे करून होती, तिचा हात सावलीत, माझा उन्हात, मधे बोटभर. पोचत नाही.

ती रडत होती. म्हणाली, नुसतं सांगा हो.

सांगणार होतो. पण खुर्च्यावाला बांधाशी येऊन उभा होता. त्याच्यासमोर —

७ ऑगस्ट, गुरुवार

सावली पूर्ण पलीकडे गेली. हीही.

खुर्च्यावाल्याने खुर्ची आणून दिली. माझी. माझ्याच वाफ्यांच्या मधोमध ठेवली, कोपरे धरून बरोबर मध्यावर. काम अप्रतिम. एक खिळा नाही. म्हणाला, तुम्हाला ऊन हवं होतं ना. इथे दिवसभर मिळेल.

मी म्हटलं, घेऊन जा. तो म्हणाला, माप तुमचंच आहे, दुसऱ्या कोणाला होणार नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

मेहुणा आला. फाटकातून थेट — मी हाक मारली — तो बांध ओलांडून त्यांच्याकडे. हिने दिलेलं सरबत पितोय, सावलीत, पाय पसरून. तिथून विचारतो, भाऊजी, एवढ्या उन्हात का बसलात?

बसलो नव्हतो. क्षणभर टेकलो. पाय भाजत होते म्हणून. आता उठायला — पाठीला पाठ बरोबर बसली आहे, कोपराला कोपर. फट नाही कुठे. सुई जाणार नाही.

वही मांडीवर होती ते बरं.

कागद पांढरा आहे. ओळ दिसत नाही, अंदाजाने लिहितो आहे. सरळ येते आहे, खात्री आहे.

तिघी — दोघी आणि तो — नाही, चौघं. खुर्च्यावालाही. सावली जाते आहे. शेताच्या बाजूला. ही सारखी मागे वळून —

अहो. अहो. एकदाच सांगा. शेवटचं.

सांगतो. थांब म्हणावं, सांगतो. मीच. गिरमिटाने. सगळं सांगतो, त्याच्यासमोरही सांगतो, फक्त आधी तिने एवढं कबूल करावं की वाफ्यांची आखणी अगदी बरो—